उत्तर: जनुकीय अहवालात ‘धोका कमी’ आला म्हणून डोळ्यांची तपासणी लांबवावी का?

आईच्या जनुकीय चाचणीत मॅक्युलाच्या (रेटिनाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मधल्या भागाच्या) ऱ्हासाचा धोका ‘कमी’ निघाला, तेव्हा रेटिनाची तपासणी सहा महिन्यांनी केली तर चालेल का, हा आपला प्रश्न वाचून राहवले नाही. त्यांना दाराची चौकट वाकडी दिसते, हे आपण अगदी शेवटी लिहिले आहे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच आहे, कारण सरळ कड वाकडी दिसणे हे मॅक्युला बिघडत असल्याचे लक्षण असू शकते.

वडिलांच्या बाबतीत मी हीच चूक केली. शब्दातले मधले अक्षर पुसल्यासारखे दिसते, असे ते वर्तमानपत्र वाचताना सांगत आणि मी तसाच एक अहवाल पुढे करून त्यांची समजूत घालत असे. चाचणी करणाऱ्या संस्थेला मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा ‘अहवालात सर्व नमूद आहे’ एवढेच उत्तर मिळाले. ‘याचा आजच्या लक्षणांशी संबंध नाही, आधी डोळे दाखवा’ असे कोणी सांगितले असते, तर त्यांच्या उजव्या डोळ्याची मधली दृष्टी कदाचित वाचली असती.

रक्तावरून या आजाराशी जोडलेल्या सीएफएच, एआरएमएस२ यांसारख्या जनुकांचे आपल्याकडे कोणते रूप आहे, ते कळते. ते जनुक दृष्टिपटलात आज किती सक्रिय आहे, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती, त्यातून कळत नाही. ती प्रत्येक ऊतीत वेगळी असते आणि वय, धूम्रपान, दाह यांनी बदलत जाते. या आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात व्हीईजीएफ या प्रथिनाची निर्मिती वाढते, मॅक्युलाखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्यांतून द्रव व रक्त झिरपते. डोळ्यात देतात ते इंजेक्शन जनुकाला हात लावत नाही, तयार झालेले प्रथिन तेवढे अडवते; म्हणूनच ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागते आणि बरे वाटले म्हणून मनाने थांबवणे मला घातक वाटते. या आजारासाठी अशा चाचण्या सरसकट करू नयेत, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने २०१२ मध्येच सुचवले होते.

मी डॉक्टर नाही. निदान रेटिनातज्ज्ञच करतील. तरी सहा महिने सोडाच, सहा दिवसही थांबू नका आणि ओसीटी स्कॅनबद्दल (प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांची प्रतिमा घेणारी तपासणी) स्वतःहून विचारा. जाता जाता एक: आई धूम्रपान करत असतील किंवा पूर्वी करत असतील, तर डोळ्यांसाठीच्या, बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या देऊ नका, कारण त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि आजच त्यांचा एकेक डोळा झाकून चौकटीची कड पाहायला सांगा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून नेतो. वडिलांचे डोळे आम्ही असे वेगवेगळे कधी तपासलेच नव्हते.