सर्व्हर भंगारात गेला, नाशिकचं डोमेन मात्र राहिलं

प्रश्न : ताई, आमचं मुख्य ऑफिस कोल्हापूरला. नाशिकची शाखा दिवाळीत बंद झाली आणि तिथले दोन्ही सर्व्हर भंगारवाल्याला दिले. त्या शाखेसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसातली खाती आणि मशीन सांभाळणारी विंडोजची यादी) ‘नाशिक’ हे वेगळं चाइल्ड डोमेन, म्हणजे मुख्य डोमेनखालचा स्वतंत्र विभाग, होतं. एखाद्या फोल्डरला परमिशन द्यायला गेलं की यादीत ‘नाशिक’ अजून दिसतं. रेप्लिकेशनच्या (सर्व्हरनी एकमेकांना बदल कळवण्याच्या) रिपोर्टमध्ये रोज १७२२ ही एरर येते. डोमेन कसं काढायचं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मशीन गेली तरी डिरेक्टरीला ते कोणी सांगितलेलं नाही. शेवटचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे ही डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर, रीतसर डिमोट करताना (त्या कामातून मोकळा करताना) ‘या डोमेनमधला हा शेवटचाच’ असं नोंदवावं लागतं. ते राहून गेलं, म्हणून कोल्हापूरचे सर्व्हर अजून नाशिकला हाका मारताहेत. १७२२ म्हणजे समोरून कोणी उत्तर देत नाही.

आधी कोल्हापूरच्या डोमेन कंट्रोलर्सचा सिस्टिम स्टेट बॅकअप (डिरेक्टरीसकट विंडोजच्या मुख्य भागांची प्रत) घ्या. नाशिकच्या एकाही युजर अकाउंटची आता गरज नाही, हे हिशेब विभागाकडून लेखी घ्या. इथून परतीची वाट नाही.

काम एनटीडीएसयुटिल या विंडोजच्या कमांड टूलमधून होतं. एंटरप्राइज ॲडमिनचं (सगळ्या डोमेनवर अधिकार असलेलं) अकाउंट हवं आणि जोडणी डोमेन नेमिंग मास्टर, म्हणजे डोमेन जोडण्या-काढण्याची जबाबदारी, ज्या सर्व्हरवर आहे त्यालाच करायची. त्यातल्या मेटाडेटा क्लीनअपमध्ये (गेलेल्या सर्व्हरच्या नोंदी पुसायच्या भागात) आधी नाशिकचे दोन्ही सर्व्हर एकेक करून काढा, मग डोमेन. यादीतले आकडे शून्यापासून सुरू होतात. एक नंबर म्हणजे पहिली ओळ असं समजू नका. निवडल्यावर स्क्रीनवर उमटणारं पूर्ण नाव वाचा, मगच पुढे जा.

शेवटच्या पायरीवर बहुतेक ०x२०१५ ही एरर येईल. साताऱ्याच्या एका कारखान्यात रात्री दोन वाजता मला ती पहिल्यांदा दिसली. संदेशाचा अर्थ एवढाच, की ही क्रिया टोकाच्या, म्हणजे जिच्याखाली आणखी काही नाही अशा, नोंदीवरच करता येते. एखादा सर्व्हर काढायचा राहिला असणार, असं धरून मी तासभर त्याच त्या याद्या चाळत बसले. सर्व्हर एकही उरला नव्हता. डोमेनखाली लटकलेलं होतं ते डीएनएसचं (नावांवरून मशीनचे पत्ते सांगणाऱ्या सेवेचं) पार्टिशन, म्हणजे डिरेक्टरीतला वेगळा कप्पा, ‘डोमेनडीएनएसझोन्स’. एनटीडीएसयुटिलच्याच पार्टिशन मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते आधी काढायचं, कोल्हापूरच्या सगळ्या सर्व्हरवर तो बदल पोचेपर्यंत थांबायचं आणि मग डोमेन पुन्हा काढून बघायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. घाईत लगेच कमांड दिली की तीच एरर परत येते, आणि माणूस नको तिथे हात घालायला लागतो.

मग झाडलोट. कोल्हापूरच्या डीएनएस झोनमधलं ‘नाशिक’चं डेलिगेशन (त्या नावाची चौकशी नाशिकच्या सर्व्हरकडे पाठवणारी नोंद), ‘_एमएसडीसीएस’ या डोमेन कंट्रोलर शोधायच्या झोनमधल्या त्या दोन सर्व्हरच्या नोंदी, साइट्स अँड सर्व्हिसेसमधली नाशिकची साइट आणि तिचे सबनेट, आणि डोमेन्स अँड ट्रस्ट्समध्ये जुना ट्रस्ट (दोन डोमेनमधलं विश्वासाचं नातं) उरला असेल तर तोही. फोल्डरांच्या परमिशनमध्ये नावांऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतील; ती नाशिकच्या माणसांची खाती. सवडीने काढा, त्यांनी काही अडत नाही.

तुमच्या पत्रातली दुसरीच गोष्ट मला जास्त खुपते. भंगारात देताना त्या सर्व्हरच्या हार्ड डिस्क काढून घेतल्या होत्या का? डोमेन कंट्रोलरच्या डिस्कवर ‘एनटीडीएस.डिट’ नावाची फाइल असते. नाशिकच्या प्रत्येक युजरच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा, तिच्यात आहे, आणि जाणत्या माणसाला तो बाहेर काढता येतो. नाशिकची जी माणसं आता कोल्हापुरात बसतात, त्यांच्यातल्या कितीजणांनी जुनाच पासवर्ड इथेही ठेवला असेल? डोमेन या शनिवारी नाही तर पुढच्या शनिवारी काढा. पण त्या सगळ्यांचे पासवर्ड आजच बदलून घ्या, आणि कोल्हापुरातल्या कुठल्याही ॲडमिन अकाउंटचा पासवर्ड नाशिकला वापरलेला असेल तर सगळ्यात आधी तो. भंगारवाल्यालाही फोन करा. डिस्क अजून त्याच्याकडेच पडून असल्या तर परत आणा.