सर्व्हरसाठी लिनक्स: फुकट की पैसे भरून?

प्रश्न: फोर्टमधील आमच्या २० जणांच्या कचेरीत सेंटओएस ७ या फुकट लिनक्सचा सर्व्हर आहे. त्यावर सांबा (फाइली सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून) आणि पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस) चालतात. पुरवठादार रेड हॅट या पैसे भरून मिळणाऱ्या लिनक्सचं वार्षिक सबस्क्रिप्शन घ्या म्हणतो. घ्यावं का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: आधी सेंटओएस ७ वरून हलायची घाई करा. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ लाच थांबले.

सबस्क्रिप्शनचा निर्णय तुमच्या सॉफ्टवेअरवर ठरतो. ओरॅकल डेटाबेस असता तर रेड हॅट, सुसे किंवा ओरॅकल लिनक्सच घ्या म्हटलं असतं. डेबियन या फुकट लिनक्सवर तो खटपट करून बसतो, पण अडलं की कंपनी हात वर करते. तुमच्या दोन्ही गोष्टी डेबियन किंवा अल्मालिनक्सवर (हेही फुकट, सेंटओएससारखंच रेड हॅटच्या वळणाचं) उत्तम चालतात. सेंटओएसची सवय आहे, तेव्हा अल्मा ९ घ्या. सुरक्षा अपडेट २०३२ पर्यंत मिळतील.

लॅमिंग्टन रोडवरून जुना सर्व्हर आणणार असाल तर प्रोसेसर बघा. पुढे कधी रेड हॅट १० घ्यायचं झालं तर त्याला एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधला सूचनांचा एक संच) लागतं. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० व्ही२ प्रोसेसरमध्ये ते नाही, व्ही३ मध्ये आहे. ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा चालवून फ्लॅग्जच्या यादीत ‘avx2’ शोधा.

पोस्टग्रेएसक्यूएलची डेटा डिरेक्टरी नुसती उचलून नव्या मशीनवर टाकू नका. पोस्टग्रेएसक्यूएलची मुख्य आवृत्ती बदलली तर डेटाबेस सुरूच होत नाही, आणि ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बदलल्यानं मजकुरावरचे इंडेक्स गुपचूप बिघडू शकतात. पीजी_डंपऑल (pg_dumpall) या त्याच्याच साधनानं सगळा डेटा काढून नव्या सर्व्हरवर भरा.

रात्री दोनला फोन उचलणारं कोणी हवं असेल, तर मात्र सबस्क्रिप्शनचे पैसे मोजा.