आधी नोंद, मग काम

प्रिय मुली,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि पुढे झोप लागली नाही. वाटपाच्या दाव्यात दुरुस्ती अर्जाचा जुनाच मसुदा दाखल झाला, सिनियर भर ऑफिसात तुला बोलले. आणि आठवडाभर तेच सांगत होते, ‘सध्या व्हॉट्सॲपवर टाक, सिस्टीममध्ये नंतर चढवू.’ आता तू विचारतेस की कागद आणि मसुदे क्रमांक लावून एकाच जागी ठेवणारं डॉक्युमेंट मॅनेजमेंटचं हे सॉफ्टवेअर आपल्या कोर्टाच्या धावपळीत चालतं का, की मोठ्या फर्मचीच ती चैन.

चालतं. ‘नंतर’ चालत नाही. आधी नोंद, मग काम. कागद हातात आला की दाव्याच्या क्रमांकाखाली चढवायचा आणि मगच वाचायला घ्यायचा.

तुझ्या जागी मी एक तरुण मुलगा पाहिलाय, म्हणून हे लिहितोय. ताब्याच्या दाव्यात मी प्रतिवादीतर्फे होतो. कैफियतीच्या, म्हणजे दाव्याला दिलेल्या आमच्या लेखी उत्तराच्या, सातव्या परिच्छेदात ‘वादीचा कब्जा मान्य नाही’च्या जागी ‘मान्य आहे’ असं टाईप झालं होतं. रात्री मी छापील प्रतीवर लाल पेनाने ‘नाही’ केलं, प्रत बॅगेत टाकली आणि पहाटेच्या गाडीने हायकोर्टात गेलो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘कैफियत फायनल’, ‘कैफियत फायनल 2’ आणि ‘कैफियत फायनल नवीन’ अशा तीन फायली. मुदतीचा शेवटचा दिवस होता. माझ्या ज्युनियरने, त्याच मुलाने, त्यातली एक छापली, अशिलाची सही घेतली आणि दाखल केली.

कैफियतीतली कबुली मागे घेणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 खाली दुरुस्तीचा अर्ज दिला. समोरचे वकील म्हणाले, कबुलीने आमच्या पक्षकाराला हक्क मिळालाय, तो आता काढून घेता येणार नाही. त्या एका शब्दावर दोन वर्षं गेली. अशील साठी उलटलेले. दर तारखेला एसटीने यायचे, बार रूमबाहेरच्या बाकावर भाकरीची पुरचुंडी सोडून बसायचे, आणि मला पाहिलं की उठून उभे राहायचे. मी त्या मुलाला सगळ्यांदेखत बोललो. लाल पेनाची प्रत माझ्याच बॅगेत राहिली होती, हे त्याला मी कधीच सांगितलं नाही. पुढे तो वकिली सोडून नोकरीला लागला.

म्हणून सांगतो, दुरुस्ती पेनाने केलीस तरी पान उलटायच्या आत ती सिस्टीममध्ये गेली पाहिजे. एका मसुद्याला एकच क्रमांक, त्याखाली आवृत्ती 1, 2, 3. तू मसुदा उघडून काम करत असताना दुसऱ्याला तो फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. अशिलाला आणि सिनियरला मसुदा पाठवायचा तो या क्रमांकासह. पेन ड्राइव्हवरची प्रत, डेस्कटॉपवरची प्रत, तुझ्या फोनमधली प्रत, यांतली एकही आपली नाही.

पुराव्याचं तर अजून अवघड आहे, आणि इथे तुमची पिढी माझ्यापेक्षा बेफिकीर आहे. अशील फोनमधला फोटो पाठवतो, तुम्ही तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकता, दोन महिन्यांनी तिथूनच उतरवून घेता. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डोळ्याला चित्र तेच दिसतं, पण हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून गणिताने निघणारा तिचा ठसा, बदललेली असते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राचा नमुना त्याच्या अनुसूचीतच दिलाय: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश लिहायची. जालन्याच्या निवडणूक याचिकेतला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकाल तू वाचलाच असशील. मूळ उपकरण कोर्टात हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. मग मूळ फाईल कोणाच्या फोनमधून, कोणत्या दिवशी, कशी आली, हे तेव्हाच लिहून ठेवलं नसेल तर अशील शपथेवर काय सांगणार? फोटो डॉक्युमेंट म्हणून मागव, आला की चढव, हॅश काढून नोंदीत टाक, आणि अशिलाला सांग की फोन फॉरमॅट करू नका. आधी नोंद.

आणि स्कॅन केलं म्हणजे झालं, असं समजू नकोस. आपल्याकडच्या वाटपाच्या दाव्यांत मोडीतली जुनी खरेदीखतं निघतात, हाताने लिहिलेले फेरफार निघतात. मशीनला ते धड वाचता येत नाहीत, त्यामुळे शोधून बहुधा सापडतही नाहीत. गाव, गट नंबर, दस्ताचा क्रमांक, साल, लिहून देणार, लिहून घेणार, हे तुलाच हाताने भरावं लागेल. आणि मूळ दस्त कुठे आहे ते: अशिलाकडे, आपल्या कपाटात, की कोर्टात आणि कोणत्या निशाणीला, म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेल्या कोणत्या क्रमांकाला. एका दस्ताला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं नाहीत, असं मला सांगू नकोस.

माझ्या ऑफिसात ही शिस्त आणली तेव्हा माझे एक जुने सहकारी वेगळे झाले. ‘तुम्हाला माणसांपेक्षा मशीन जवळचं,’ असं म्हणाले. मला ते फार लागलं, अजून लागतं. पण माझ्या डोळ्यांपुढे मशीन कधीच नव्हतं, बाकावर बसलेले ते गृहस्थ होते. जो मसुदा सिस्टीममध्ये नाही त्यावर मी सही करत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस असला तरी नाही. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत.

तुझ्या सिनियरशी भांडू नकोस. ते ‘नंतर’ म्हणाले की ‘हो सर’ म्हण आणि त्यांच्यासमोरच चढव, क्रमांक त्यांना पाठव. चार वेळा क्रमांक गेला की पाचव्या वेळी ते स्वतःच विचारतील.

जुना मसुदा दाखल झालाय तर आजच पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन ते कोर्टाच्या लक्षात आणून दे, आणि सोबत योग्य अर्ज जोड. लपवू नकोस. फोनमधलं त्या दाव्याचं जे काही आहे ते आज रात्रीच चढव. शनिवारी दुपारी ये, आणि येताना त्या दाव्यातली मूळ खरेदीखतं नेमकी कोणाच्या ताब्यात आहेत ते विचारून ये.

तुझा,
सर