वाद विषयावर राहावा यासाठी

प्रश्न : आमच्या गटात चर्चा सुरू होते विषयावर आणि पाहता पाहता घसरते व्यक्तीवर. नियम करावेत असे अनेकांना वाटते. पण त्यामुळे मोकळेपणा जाईल, अशी भीतीही आहे. काय करावे?

उत्तर : नियम बोलण्याच्या रीतीला लावावेत, मताला लावू नयेत, एवढे पाळले तर मोकळेपणाला धक्का लागत नाही. माझ्या मते सर्वांत मोलाचा नियम जुन्या शास्त्रार्थातलाच, म्हणजे पंडितांच्या वादचर्चेतलाच आहे : आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे, आणि मगच त्याचे खंडन करायचे. समजा, एकाने ‘लहान वर्गांना गृहपाठ नको’ असे म्हटले आणि दुसऱ्याने ‘म्हणजे मुलांना आळशी करायचे आहे तर!’ असे उत्तर दिले, तर तिथे कोणी न केलेल्या विधानाचे खंडन झाले. त्याऐवजी ‘कोणत्या इयत्तेपर्यंत नको, आणि मग वाचनाचा सराव कधी व्हावा?’ असे विचारले असते, तर चर्चा पुढे सरकली असती. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, सत्यशोधनासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा असा भेद केला आहे. गटाने पहिल्याचाच आग्रह धरावा. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यावा, हेतूंवर शंका घेऊ नये, हे ओघाने आलेच. नियम मोडणाऱ्याला चर्चेच्या संचालकाने चारचौघांत न झापता आधी खासगीत समज द्यावी आणि स्वतःशी सहमत असणाऱ्यांनाही तेच नियम तितक्याच काटेकोरपणे लावावेत.