४ लेयर बोर्डवर गेन २ चा हायस्पीड ऑपॅम्प ऑसिलेट होतोय, लेआउटमध्ये काय बदलू?

सगळ्यात आधी इनव्हर्टिंग पिन (ऑपॅम्पची '−' इनपुट, जिथे फीडबॅक परत येतो) बघा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते. ४ लेयर बोर्डमध्ये वरच्या कॉपरखाली साधारण ०.२ मिमीवर ग्राउंड प्लेन असतं, म्हणजे त्या नोडचे पॅड आणि ट्रॅक मिळून १० चौरस मिमी झाले तरी जवळपास २ पिकोफॅरड फुकटात लागले. आता फीडबॅकचे दोन्ही रेझिस्टर १ के असतील तर पॅरलल ५०० ओहम, आणि पोल (ज्या फ्रिक्वेन्सीपासून फीडबॅक सिग्नल मागे पडायला लागतो) आला १६० मेगाहर्ट्झच्या आसपास, मग फेज मार्जिन (ऑसिलेशनपासूनचं सुरक्षित अंतर) कुठून उरणार?

म्हणून त्या पिनखालचं आणि फीडबॅक रेझिस्टरखालचं ग्राउंड काढून टाका (फक्त तेवढंच हं, बाकी प्लेन अखंड ठेवा), रेझिस्टर ०४०२ (साधारण १ x ०.५ मिमी) साइजचे घ्या आणि अगदी पिनला चिकटवून बसवा. दोन्हींची व्हॅल्यू २५० ओहम केली तर तोच पोल ६४० मेगाहर्ट्झकडे जातो. पण करंट फीडबॅकवाला ऑपॅम्प (ज्याची स्थिरता फीडबॅक रेझिस्टरच्या व्हॅल्यूवरच ठरते) असेल तर डेटाशीटमधली त्या रेझिस्टरची व्हॅल्यू अजिबात कमी करू नका आणि फीडबॅकवर कपॅसिटरही लावू नका, ऑसिलेट होण्याची शक्यता खूप वाढते.

डीकपलिंगचा (सप्लाय स्थिर ठेवणारा) ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर सप्लाय पिनजवळ, ग्राउंड व्हाया (खालच्या प्लेनला जोडणारं भोक) लगेच शेजारी. लांब ट्रॅकमुळे ५ नॅनोहेन्री वाढले तर ५०० मेगाहर्ट्झला १६ ओहम मध्ये आले, कपॅसिटर असून नसल्यासारखा.

आणि प्लीज, स्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावून परत बघा, कधीकधी रिंगिंग प्रोबचंच असतं.