जुन्या ट्रकचं इंजिन बसलंय, म्हणजे निकामी झालंय. बांधून घ्यावं (खोलून, झिजलेले भाग बदलून) की दुसरं टाकावं?

आधी इंजिन खोला, मग ठरवा. न खोलता सांगितलेला खर्च हवेतलाच असतो. सगळं ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) यांच्यावर येऊन ठेपतं. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक मर्यादेत राहून ग्राइंड होत असेल, म्हणजे घासून नीट करता येत असेल, तर बांधून घ्या. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे झिजायचेच भाग. ते बदलावे लागले म्हणून इंजिन वाया गेलं असं नाही. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर विषयच संपला, दुसरं बघा.

वापरलेलं इंजिन घेणार असाल तर ते थंड असताना समोर चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजा. नुसत्या आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरकही बोलका असतो. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात धूर येत असेल तर बहुधा रिंगा गेल्यात. अपघातात गेलेल्या गाडीतलं असेल तर उलट बरं, निदान शेवटपर्यंत चालू होतं. मॉडेल मात्र तेच घ्या, नाहीतर माउंटिंग, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) आणि वायरिंग जुळवण्यातच बचत संपते. इंजिन बदललं की नंबरही बदलतो, म्हणून नोंदणीतला इंजिन नंबरही बघा.

आणि हो, पहिलं इंजिन का गेलं ते शोधल्याशिवाय काहीच बसवू नका. रेडिएटर तुंबलेलाच राहिला तर नवंही तापणार. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) फुटला असेल तर इंटरकूलरमधले (ती हवा थंड करणाऱ्या भागातले) तुकडे काढा. चेसिस गंजून गेली असेल तर दोन्ही खर्च वाचवा, गाडी विका.