वाचक विचारतात: हरणाच्या शिकारीला लहान कॅलिबरची रायफल पुरते का?

प्रश्न: माझ्याकडे .२२३ रेमिंग्टन आहे. बाकावरून १०० मीटरवर तीन गोळ्या २५ मिलिमीटरच्या आत बसतात. परवाना काढून उत्तर अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाची शिकार करायची आहे. काही जण या रायफलीला खेळणं म्हणतात, काही म्हणतात आरामात पुरते. खरं काय?

उत्तर: पुरते, पण अटींवर. आणि त्या अटी रायफलीपेक्षा चाप ओढणाऱ्याला जास्त लागू आहेत.

आधी आकडे बघा. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास; .२२३, .३०८ हे आकडे इंचातले. .२२३ ची ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे १,७४० जूल असते. .३०८ विंचेस्टरच्या १५० ग्रेनच्या गोळीत याच्या दुपटीहून थोडी जास्त, ३,६०० जूलच्या जवळपास ऊर्जा असते. हरणासाठी किमान १,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १,३५० जूल हवेत असा शिकाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. त्याच्यावर बोट ठेवायचं तर .२२३ शंभर मीटरच्या आतच नापास होते.

पण हा ठोकताळाच मुळात ढोबळ. ऊर्जेच्या आकड्याने हरीण मरत नाही. फुप्फुसं किंवा हृदय फाटून रक्तदाब कोसळला की मरतं. त्यासाठी गोळी तिथवर पोचली पाहिजे आणि पोचेपर्यंत शाबूत राहिली पाहिजे. बाजूने उभ्या हरणात तिला कातडी, एखाददुसरी बरगडी आणि फुप्फुसं एवढंच ओलांडायचं असतं. चांगल्या बांधणीची ६० ग्रेनची गोळी हे काम नीट करते. तेच हरीण तिरकं, तुमच्याकडे तोंड करून उभं असेल तर वाटेत खांद्याचा सांधा आणि जाड स्नायू येतात. मागून तिरकं असेल तर ओल्या चाऱ्याने भरलेलं पोट येतं, आणि ओला चारा लहान गोळीला जवळजवळ वाळूच्या पोत्यासारखा अडवतो. मोठ्या कॅलिबरमध्ये अशा वेळी थोडी सवड मिळते, लहानात मिळत नाही. फरक खरा इथे आहे.

म्हणून .२२३ घेऊन जायचं असेल तर अंतर १०० मीटरच्या आत ठेवा. हरीण थांबलेलं, पूर्ण बाजूने किंवा किंचित पलीकडे वळलेलं हवं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेची रेघ मनात वर न्या आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. खांद्याचं हाड फोडून हरीण जागीच पाडायचा मोह होतो. तो .३०८ वाल्यांसाठी सोडून द्या. डोक्यावर बार तर नकोच: मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि गोळी चार बोटं खाली गेली की जबडा मोडलेलं हरीण पळून जातं आणि दिवसचे दिवस उपाशी मरतं.

राहता राहिला तुमचा २५ मिलिमीटरचा गट, म्हणजे कागदावरच्या त्या तीन भोकांचा पसारा. तो बाकावरचा आहे. जंगलात बाक नसतो. १५ सेंटिमीटर व्यासाचा कागद १०० मीटरवर लावा आणि काठीचा आधार घेऊन, मग गुडघ्यावर बसून, थंड नळीने रोज एकच गोळी झाडा. पाच दिवसांत पाचही आत बसल्या तर ते तुमचं अंतर. एक जरी बाहेर गेली तर कागद ७० मीटरवर आणा. वाराही विसरू नका: ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या गोळीला २०० मीटरवर बारा-पंधरा सेंटिमीटर ढकलतो, म्हणजे नेम फुप्फुसावर आणि गोळी पोटात.

प्रश्न: कोल्ह्यांसाठी घेतलेली ५५ ग्रेनची, पॉलिमरच्या टोकाची काडतुसं उरली आहेत. हरणावर तीच वापरली तर?

उत्तर: नका वापरू. .२२३ बद्दलच्या बहुतेक वाईट कहाण्यांचं मूळ याच डब्यात असतं. या गोळीचं तांब्याचं आवरण मुद्दाम पातळ ठेवतात, म्हणजे लहान जनावराला लागताच ती फुटून तिचा चुरा व्हावा. हरणाच्या खांद्यावर किंवा बरगडीवर तेच घडतं: बाहेरून तळहाताएवढी भयानक जखम, आत छातीच्या पोकळीत जेमतेम काही कण. दुसरं टोक म्हणजे लष्करी पद्धतीची पूर्ण आवरणाची गोळी. ती फुलत नाही. कधी सुईसारखी आरपार जाते, कधी आत गिरकी घेते, आणि यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही. बऱ्याच ठिकाणी शिकारीला ती बेकायदाच आहे.

हवी ती गोळी अशी, जी फुलते पण तुटत नाही. नोस्लर पार्टिशन ६० ग्रेन, फेडरल फ्यूजन ६२ ग्रेन, विंचेस्टर पॉवर-पॉइंट ६४ ग्रेन, किंवा पूर्ण तांब्याची बार्न्स टीएसएक्स ५५ ग्रेन. पार्टिशनच्या पोटात तांब्याची आडवी भिंत असते: पुढचा अर्धा भाग फुलून झिजला तरी मागचा अर्धा पुढे घुसत राहतो.

मात्र डबा विकत घेण्याआधी नळीचा ट्विस्ट बघा, म्हणजे किती इंचांत आतले आटे गोळीला एक पूर्ण फेरा देतात ते. तो बहुधा नळीवरच कोरलेला असतो. नसेल तर घरीच मोजता येतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा. मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट बसेल असं फडकं लावा आणि गज थोडा आत ढकला. गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करा आणि तिथेच चिकटपट्टीचा छोटा झेंडा वरच्या बाजूला लावा. आता गज हळूहळू ओढा किंवा ढकला. झेंडा एक फेरा पुरा करून पुन्हा वर आला की गज किती सरकला ते मोजा. तीन वेळा मोजून सरासरी घ्या, कारण फडकं एखाद्या वेळी घसरतं.

१२ इंच आले तर ५५ ग्रेनच्या साध्या शिशाच्या गोळीपुढे जाऊ नका. ९ इंच असेल तर वर सांगितलेल्या सगळ्या गोळ्या साधारणपणे चालतात. ७ किंवा ८ इंचात ७५-७७ ग्रेनच्या लांब गोळ्याही स्थिर राहतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला वेगवान ट्विस्ट लागतो. १२ इंची नळीतून टीएसएक्स झाडली आणि कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी लांबट फट दिसली, तर गोळी आडवी होत जातेय असं समजा. तो डबा परत करा.

गोळी बदलली की दुर्बीण पुन्हा जुळवायची. नुसत्या ब्रँडच्या फरकाने मारा १०० मीटरवर काही सेंटिमीटर सरकतो. आणि नळीवर फक्त ‘.२२३ रेमिंग्टन’ कोरलेलं असेल तर ५.५६ नाटोची काडतुसं त्यात घालू नका. बाहेरून ती सारखीच दिसतात, पण ५.५६ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीत, गोळीपुढची मोकळी जागा जास्त ठेवलेली असते. .२२३ मध्ये ती कमी, त्यामुळे दाब धोक्याच्या पुढे जाऊ शकतो.

प्रश्न: .२२ लाँग रायफलने डोक्यात गोळी घातली तर हरीण मरतंच की. मग बऱ्याच ठिकाणी हरणाला तिची बंदी कशाला?

उत्तर: मरतं, कधीकधी. या छोट्या काडतुसाच्या ४० ग्रेनच्या गोळीत नळीच्या तोंडाशीच दोनशे जूलसुद्धा नसतात. १९५३ साली कॅनडातल्या अल्बर्टात बेला ट्विन नावाच्या क्री स्त्रीने एकबारी .२२ रायफलीने प्रचंड ग्रिझली अस्वल मारलं, हा दाखला नेहमी दिला जातो. ते खरं आहे. पण अस्वल अगदी जवळ आलं होतं, आणि ते पडल्यावरही तिने डोक्यात एकामागून एक गोळ्या घातल्या. जीव वाचवायला केलेली गोष्ट शिकारीचा नियम होत नाही.

प्रश्न: कायद्याने किती कॅलिबर लागतं?

उत्तर: जागेगणिक वेगळं. इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणांसाठी किमान .२४० इंच आणि १,७०० फूट-पाउंड. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या लहान जातींसाठी .२२० इंच आणि १,००० फूट-पाउंड चालतात. जर्मनीत रो या लहान हरणासाठी १०० मीटरवर १,००० जूल पुरतात, मोठ्या खुरवाल्या जनावरांना ६.५ मिलिमीटर आणि २,००० जूल लागतात. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतो: टेक्सासमध्ये हरणाला .२२३ चालते, पण .२२ लाँग रायफलसारखी रिमफायर (पुंगळीच्या कडेवर आघात करून पेटणारी) नाही, कोलोरॅडोत किमान .२४ लागते. तेव्हा परवान्याबरोबरचं पत्रक वाचल्याशिवाय डबा घेऊ नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार गुन्हा आहे. तिथे कॅलिबरचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न: मुलगी चौदा वर्षांची, अंगाने बारीक. .३०८ चा धक्का सोसत नाही, डोळे मिटते. तिला .२२३ द्यावी का?

उत्तर: सरावाला जरूर. हरणाला .२४३ विंचेस्टर द्या. १९५५ सालचं हे काडतूस म्हणजे .३०८ चीच पुंगळी, मान आवळून ६ मिलिमीटरची गोळी बसवलेली. १०० ग्रेनची गोळी, सुमारे २,६४० जूल, आणि धक्का .३०८ च्या साधारण निम्मा. कॅलिबर लहानच, पण त्यात हरणांसाठी बांधलेल्या गोळ्या सहज मिळतात, आणि नको तो तिरका कोन आला तरी .२२३ इतकी पंचाईत होत नाही. इथेही ५५-५८ ग्रेनच्या कोल्ह्याच्या गोळ्या टाळाच.

अडीच किलोची हलकी ‘युथ’ रायफल मात्र घेऊ नका. जितकी हलकी तितका दणका जास्त. साडेतीन किलोची रायफल, मऊ रबरी पॅड आणि तिच्या हाताच्या मापाला आखूड केलेला दस्ता हवा. दस्ता लांब असला की मुलं मान ताणतात, दुर्बीण भुवईवर आदळते, आणि डोळे मिटायची सवय तिथूनच लागते. मझल ब्रेक, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा भोकांचा तुकडा, धक्का कमी करतो पण आवाज असह्य करतो. दोन थर कानसंरक्षण घालणार असाल तरच तो लावा.

प्रश्न: लहान गोळीने मारलेलं हरीण सापडत नाही म्हणतात, रक्तच पडत नाही. मग शोधायचं कसं?

उत्तर: तक्रार रास्त आहे. लहान गोळी बऱ्याचदा आतच राहते. आत शिरल्याचं भोक करंगळीच्या पेराएवढं, छातीत उंचावर, वरून कातडी सरकून झाकलेलं. रक्त छातीच्या पोकळीत साठत जातं. पहिले वीस-तीस मीटर जमिनीवर थेंबही न दिसणं नेहमीचं आहे.

म्हणून बार होताच पहिलं काम: पुन्हा काडतूस भरा आणि दुर्बिणीतून नजर हटवू नका. मागचे पाय झाडून उसळलं तर बहुधा हृदय-फुप्फुसात लागलं. पाठ कमानीसारखी करून सावकाश चालू लागलं तर पोटात. जागीच कोसळलं तर लगेच खुश होऊ नका: मणक्याच्या वरच्या काट्याला नुसता धक्का लागला असेल तर ते मिनिटाभरात उठून पळतं. हललं की दुसरी गोळी द्या, कंजूषपणा नको.

हरीण दिसेनासं झालं तर ज्या झाडाशी दिसेनासं झालं ते लक्षात ठेवा. तुमच्या बसल्या जागी टोपी किंवा रंगीत फीत बांधा, कारण तिकडे चालत गेल्यावर मागची दिशा हमखास चुकते. अर्धा तास थांबा. मग लागल्या जागी जाऊन केस, हाडाची कपची, खुरांनी उकरलेली माती शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचं. गडद लाल यकृताचं. तिथे तीन-चार तास थांबायला हवं. हिरवट-तपकिरी, वास मारणारं काही दिसलं तर पोटात लागलंय: सहा ते आठ तास जाऊ नका, नाहीतर ते उठून आणखी कोसभर जाईल. मागाच्या बाजूने चाला, मागावरून नाही. प्रत्येक थेंबाशी टिशू पेपरचा तुकडा ठेवा. मागे वळून पाहिलं की तुकड्यांची रेघ पळण्याची दिशा सांगते. माग तुटला तर शेवटच्या तुकड्यापासून गोल फेरे वाढवत न्या, आणि नियमात बसत असेल तर माग काढणारा कुत्रा आधीच बोलवा, तुम्ही सगळं तुडवून झाल्यावर नाही.

पडलेल्या हरणाजवळ पाठीकडून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे सरा आणि आणखी एक गोळी द्या.